खोऱ्यातला उतरता सूर

रविवार, १९ जानेवारी २०२५, सकाळी अकरा वाजून बावीस मिनिटे. माझ्या लॅपटॉपच्या पडद्यावर एक आकडा उमटला : उणे एकेचाळीस. तो पाहून मला इतका आनंद झाला की मी शेजारच्या बाकावरील बाईंकडे बघून हसले. त्याही हसल्या. त्यांचे गाल लाल झाले होते. खोलीतल्या बहुतेकांचे झाले होते. मी ते थंडीच्या खाती टाकले आणि पुन्हा आकड्याकडे वळले. त्या आनंदाची मला आजही भीती वाटते, आणि हा लेख त्या भीतीविषयीच आहे.

आधी माझे काम सांगते. मी ध्वनिशास्त्राची संशोधक आहे. पुण्यात भौतिकशास्त्र शिकून ओहायोतील एका विद्यापीठात पीएच.डी.साठी आले. वाद्याच्या आधाराविना अनेक माणसे एकत्र गातात, तेव्हा त्यांचा सूर एकमेकांना धरून कसा राहतो आणि नेमका कुठे सुटतो, हे मी मोजते. ज्या गाण्यावर हे मोजते ते इकडे ‘आकारांचे गाणे’ म्हणून ओळखले जाते.

स्वरलिपी न शिकलेल्या माणसालाही चार आवाजांत बांधलेले भजन पुस्तकातून थेट गाता यावे, म्हणून दोनेकशे वर्षांपूर्वी इथल्या गानशिक्षकांनी स्वरांच्या टिंबांनाच आकार दिले. त्रिकोण दिसला की फा, वर्तुळ दिसले की सोल, चौकोन दिसला की ला, आणि उभ्या हिरकणीसारखा चौकोन दिसला की मी. प्रत्येक भजन आधी या नावांनी गायचे आणि मग शब्दांनी. आपण सरगम म्हणून मग बंदिशीचे शब्द घ्यावेत तसे. बाके चार बाजूंनी मांडलेली असतात, एकेका आवाजाला एक बाजू (ट्रेबल, आल्टो, टेनर आणि सर्वांत खालचा बास), सगळ्यांची तोंडे आत, आणि मध्ये रिकामा चौक. ज्याची पाळी येईल त्याने चौकात उभे राहून पानाचा क्रमांक सांगायचा आणि हाताने ताल द्यायचा. पाहुणा असो वा लहान मूल, चौकात कोणीही जाऊ शकते. श्रोते नसतात. सगळे गातात, आणि छाती फुटेल इतक्या जोराने गातात.

पट्टी मात्र एकच माणूस देतो. पुस्तकात छापलेली पट्टी नावापुरती असते. आपल्याकडे गायकाच्या गळ्याप्रमाणे षड्ज ठरतो. इथे तो खोलीचा, हवेचा आणि माणसांच्या थकव्याचा अंदाज घेऊन एखादी जाणती व्यक्ती गुणगुणून देते. दिलेल्या पट्टीविषयी वाद घालायचा नाही, हा अलिखित नियम आहे. अ‍ॅशबर्नजवळच्या एका गटात डेटा सेंटरमधला एक अभियंता पुस्तकाआड फोन धरून पट्टी देताना पकडला गेला. तेव्हा आल्टोतल्या एक आजी शांतपणे म्हणाल्या, “फोनला विचारायचं असेल तर फोनलाच गाऊ दे.” तो अभियंता नंतर दोन महिने आला नाही.

माझा प्रबंध या गाण्यातील प्रादेशिक फरकांवर होता. डोंगर ओलांडला की पुस्तक बदलते. एका खोऱ्यात लाल बांधणीचे, पलीकडे निळ्या बांधणीचे. दोन्ही आडवी, दोन्हींत निम्मी भजने तीच, तरी एका घरात दोन्ही पुस्तके सहसा सापडत नाहीत. काही प्रांतांत चाराऐवजी सात आकार. उत्तरेकडील शहरी गट वेगाने गातात, डोंगरातले संथ. उदास चालींमध्ये पुस्तकात कोमल धैवत छापलेला असतो, पण जुन्या घराण्यांतील माणसे तो शुद्ध लावतात. त्यांना ते दाखवले तर म्हणतात, “आम्ही छापलंय तेच गातो.” अशा फरकांचा नकाशा करून प्रत्येक फरकाला आकडा द्यायचा, ही माझी महत्त्वाकांक्षा होती.

दक्षिण केंटकीतल्या एका खोऱ्यातील लाकडी चर्च त्या नकाशावरचा माझा सर्वात आवडता बिंदू होता. तिथे पट्टी देत मिस एडना. वय अठ्ठ्याहत्तर, निवृत्त पोस्टमास्तर. तिकडे वडीलधाऱ्या बाईला नावाआधी ‘मिस’ लावतात, लग्न झालेले असो वा नसो. त्यांचे धाकटे भाऊ हार्लन बासच्या पहिल्या बाकावर बसत. सात आकारांच्या पुस्तकाविषयी मी त्यांना विचारले, तेव्हा ते म्हणाले, “पलीकडच्या खोऱ्यातली माणसं दर स्वराला वेगळं नाव ठेवतात. आम्ही कुत्र्यांनासुद्धा इतकी नावं ठेवत नाही.”

हार्लन नेहमी घाईत असत. मी प्रत्येक विभागाला स्वतंत्र मायक्रोफोन लावत असे आणि पहिल्या बाकावरच्या गायकांना वेगळे. त्या नोंदींनुसार हार्लन दर भजनात इतर बासच्या वीस मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा पन्नासावा भाग, आधी सुरुवात करत. मी ते सांगितल्यावर मिस एडना म्हणाल्या, “त्याला जेवणाची घाई असते.” हार्लन म्हणाले, “कोणीतरी पुढे गेल्याशिवाय बाकीच्यांना मागे कुणाच्या जायचं ते कळणार कसं?”

त्या चर्चची एक रीत होती. आवाज बाहेर जाऊ द्यायचा नाही. जमिनीवरचा गालिचा त्यांनी कधीच उपटून टाकला होता, आणि हिवाळ्यात खिडक्यांना प्लास्टिक ठोकून दाराच्या फटीत जुनी रजई कोंबत. भिंतीवर बासच्या पाठीशी दोन गॅस हीटर होते. त्यांचा धूर जुन्या विटांच्या धुराड्यातून वर जाई. अशा बंद खोलीत चाळीस माणसे तासभर गायली की डोके हलके होते, कान गरम होतात, थोडे गरगरते. तिथे त्याला ‘खोली चढली’ म्हणत आणि ती उत्तम गाण्याची खूण मानत. हार्लनने मला बजावले होते, “गरगरलं नाही तर समजायचं, तू नुसती वाचत होतीस.”

पहिल्यांदा मी तिथे २०२४च्या जानेवारीत गेले. हिवाळ्यात डोंगरातले रस्ते एकटीने कापू नयेत म्हणून वर्षामावशी सोबत आली. मावशी ही आईची मैत्रीण. ओहायोत डब्लिनला राहते आणि एका विमा कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टर आहे. तासाभराने ती डोके धरून बाहेर गेली आणि गाडीत बसून राहिली. संध्याकाळी परत निघालो तेव्हा म्हणाली, “तुझ्या या लोकांचं डेडिकेशन मानलं. पण माझं डोकं असं ठणकत होतं ना, सांगू नको. गाडीत आले आणि अर्ध्या तासात छू.”

“आवाज सहन झाला नसेल तुला.”

“गणपतीतला ढोल सहन केलाय मी. आवाजाचं मला सांगू नकोस.”

मी लक्ष दिले नाही, कारण माझ्या मांडीवर एक शोध होता. सकाळच्या सत्रात भजनामागून भजन सूर खाली घसरत होता. सा आणि कोमल रे यांच्यातील अंतराचे शंभर भाग केले, तर त्यातले तीसहून अधिक. जेवणानंतर सूर पुन्हा ताजा होई आणि पुन्हा घसरे. घसरणीची सुरुवात दर वेळी बासमध्ये होई. माझ्या नकाशावरील दुसऱ्या कोणत्याही गटात हे नव्हते. जूनमध्ये मी पुन्हा गेले तेव्हा घसरण मिळाली नाही, पण उन्हाळ्यात पाहुणे गायक पुष्कळ येतात आणि स्थानिक लकब झाकली जाते, असे मी त्याचे स्पष्टीकरण केले. ‘खोऱ्यातील उतरता सूर : एक प्रादेशिक शैलीविशेष’ या शीर्षकाचा माझा शोधनिबंध एका परिषदेने स्वीकारला. दुसऱ्या हिवाळ्याची पुष्टी तेवढी बाकी होती.

म्हणून १९ जानेवारीला त्याच मापात उणे एकेचाळीस दिसल्यावर मी हसले.

त्यानंतर पाचेक मिनिटांनी हार्लन चुकले. एका भजनात बासची ओळ दोन चौकोनांनी सुरू होते. साऱ्या बाकाने ला म्हटले, हार्लनने फा म्हटले. तेही उशिरा. सहा वर्षांचे असल्यापासून जो माणूस हे आकार वाचत आला, त्याने चौकोनाला त्रिकोण म्हणणे म्हणजे आपण स्वतःचे नाव चुकण्यासारखे आहे. सगळे हसले. मागून कोणीतरी म्हणाले, “हार्लन, चष्मा बदल.” हार्लनही हसले आणि त्यांनी कपाळ पुसले. मी त्या नोंदीपुढे पानाचा क्रमांक लिहायला गेले आणि तो तीनदा चुकवला.

याही वेळी सोबत आलेली मावशी सकाळपासून गाडीतच थांबली होती; तेवढ्यात ती आत आली. तिला थर्मासमध्ये गरम पाणी हवे होते. ती दाराशीच थांबली, मग माझ्यामागे येऊन वाकली.

“केतकी, ही सगळी अशी का दिसतायत?”

“कशी?”

“मागच्या वर्षी गाडीच्या आरशात मी दिसत होते तशी. आणि तूसुद्धा. डोकं दुखतंय ना तुझं?”

“थोडंसं. झोप झाली नाहीये.”

“हे बघ, मी टेस्टर आहे. एकाच स्क्रीनवर दर वेळी एरर येते आणि बाहेर आलं की जाते, तेव्हा आम्ही युजरला दोष देत नाही. रिप्रोड्युस होतंय हे. बग या खोलीत आहे.”

त्या वाक्यानंतर माझ्या मनात जे झाले त्याला विचार म्हणणे कठीण आहे. माझ्याच नोंदी एकेक करून जागा सोडू लागल्या. जूनमध्ये खिडक्या उघड्या होत्या, तेव्हा घसरण नव्हती. जेवण शेजारच्या इमारतीत होते, आणि त्यानंतर सूर ताजा होतो. सुरुवात बासमध्ये होते, आणि हीटर बासच्या पाठीशी आहेत. ज्वलन अपुरे राहिले तर निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो; डोके जड होते, हात मंद होतात, आणि शेवटी माणूस बसल्या जागी झोपतो. मी शैली म्हणून जे मोजत होते ते बहुधा विष होते.

मावशीला म्हणाले, “बाहेर जाऊन ९११ला फोन कर. कार्बन मोनॉक्साइड म्हण.” ती एकही प्रश्न न विचारता गेली.

मी मात्र बसून राहिले, कारण मिस एडना चौकात उभ्या होत्या आणि स्मरणाचा पाठ सुरू झाला होता. वर्षभरात गेलेल्या गायकांची नावे वाचायची, प्रत्येक नावानंतर क्षणभर थांबायचे, आणि शेवटी त्यांच्यासाठी एक भजन गायचे. त्या पाठात कोणी खोकतही नाही. त्यात मी निरीक्षक. चौकात पाऊल ठेवायचे नाही हा माझा स्वतःचा नियम. दर भेटीत मिस एडना विचारत, “आज मधे येणार का, हनी?” आणि दर वेळी मी सांगे, “नाही, मी मोजते.” माझे चुकले तर मृतांच्या नावांत व्यत्यय आणणारी परकी बाई म्हणून या खोऱ्याची दारे मला बंद होणार होती. माझे बरोबर असले तर प्रत्येक नावागणिक खोलीतली माणसे थोडी थोडी जात होती. मला दोन्हींची सारखीच भीती वाटली, आणि त्या भीतीत आणखी तीन नावे वाचली गेली.

मग मी उठले. चौकात पोचले तेव्हा मिस एडना थांबल्या. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, कौतुक होते.

“अखेर आलीस. नावं झाली की तुझं घेऊ. कितवं पान?”

“पान नाही, मिस एडना. सगळ्यांना बाहेर न्या. हीटरचा विषारी वायू साठलाय इथे. आत्ता.”

कोणी हलले नाही. टेनरमधून एक संथ आवाज आला, “नावं संपू दे, मुली.” त्या आवाजातला संथपणा मला ओळखू आला. मी त्याला आकडा दिला होता.

मिस एडनांनी बासकडे पाहिले. हार्लन यावर काहीतरी बोलतील अशी त्यांची अपेक्षा असावी. हार्लनचे पुस्तक मांडीवरून घसरून जमिनीवर पडले होते. तिथे पुस्तक जमिनीवर पडले तर जवळचा कोणीही ते लगेच उचलतो. हार्लनने उचलले नाही, शेजाऱ्यानेही नाही. हार्लन रिकाम्या हातांनी ताल देत होते, आणि गाणे तर चालूच नव्हते.

मिस एडनांनी आपले पुस्तक मिटले. पट्टी देणाऱ्याने पुस्तक मिटले की सत्र संपते. “उठा,” त्या म्हणाल्या, “हार्लनला धरा.”

बाहेर गोठलेल्या गवतावर काही जण ओणवे होऊन ओकले. मी माणसे मोजली. बाकांवर किती होती ते मला पाठ होते. आकडा जुळला. हार्लनला दोघांनी उचलून आणले होते. त्यांचे डोळे उघडे होते, पण ते कोणाकडे पाहत नव्हते. अग्निशमन दलाचे स्वयंसेवक आले, आणि त्यांच्यातला एक मोजणीचे यंत्र घेऊन दारात शिरताच यंत्रच किंचाळू लागले. तो तसाच मागे आला, मुखवटा चढवला, आणि मगच पुन्हा आत गेला. धुराड्यात विटा कोसळून वाट बुजली होती, हे दुपारी कळले. त्यांच्या प्रमुखाने मला विचारले, “आत कधीपासून होता?” मी सांगितले. त्याने आपल्या माणसाला आणखी रुग्णवाहिका मागवायला सांगितले.

हार्लनला नेल्यावर मिस एडनांनी प्राणवायूची नळी हाताने दूर केली. चार नावे उरली होती. ती त्यांनी अंगणात, घोंगडी पांघरून वाचली. मग भजनाची पट्टी देण्यासाठी तोंड उघडले आणि त्यातून सूर निघाला नाही. पुन्हा उघडले.

“मला सापडत नाहीये,” त्या म्हणाल्या. एवढ्या वर्षांत हे वाक्य त्यांच्या तोंडून कोणी ऐकले नसावे. सगळ्यांचे चेहरे तसे झाले. त्या माझ्याकडे वळल्या. “तुझ्याकडे आहे ना माझा? तू मोजला होतास.”

होता. या भजनाला त्या कोणती पट्टी देतात हे मला दोन्ही भेटींतून तंतोतंत ठाऊक होते. शाळेच्या प्रार्थनेनंतर मी चार माणसांत कधी गायलेले नाही. मी गुणगुणले, आवाज कापला, आणि तरीही त्यांनी तो उचलला, कारण दिलेल्या पट्टीविषयी वाद घालायचा नसतो. त्या भजनात सूर उतरला की नाही, मला सांगता येणार नाही. यंत्रे आत होती आणि वीज तोडलेली होती.

सगळे वाचले. मी शोधनिबंध मागे घेतला. वायूमुळेच सूर उतरत होता, असेही मी शास्त्र म्हणून लिहू शकत नाही. एक खोली, दोन हिवाळे, तुलनेला काही नाही. पण तेव्हापासून माझ्या नकाशावरचा प्रत्येक बिंदू मला घाबरवतो. एका गावातला संथपणा, दुसऱ्या गावातला चढा सूर, तिसऱ्या गावातले लांबलेले श्वास. यांतली परंपरा किती, आणि कोणाच्या कानाचे, हृदयाचे, फुप्फुसाचे दुखणे किती? मी दोन्हींना एकाच रंगाने रंगवले आहे.

हार्लन पाच आठवड्यांनी घरी आले. अशा विषबाधेचा परिणाम नंतर उशिराही वाढू शकतो, असे डॉक्टरांनी बजावले होते. एप्रिलमध्ये मिस एडनांचा फोन आला. “सगळे म्हणतात तो पहिल्यासारखा झाला. मला तसं वाटतंय की तसं हवंय, ते कळत नाही. तू ये आणि मोज. त्याला सांगू नकोस.”

जूनमध्ये मी मोजले. हार्लन इतर बासच्या दोनशे दहा मिलिसेकंद मागे होते. कानाला तो केवळ किंचित जडपणा वाटतो. मी मिस एडनांना आकडा सांगितला. त्यांनी विचारले, “पुढच्या वेळी कमी होईल?” मी म्हणाले, “पुढच्या वेळी कळेल.”

सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी मी पुन्हा गेले. मावशी आता गाडीत थांबत नाही. आल्टोत बसते आणि त्रिकोणाला फा न म्हणता बिनदिक्कत गा म्हणते. हीटर नवे आहेत, दोन्ही भिंतींवर वायूचे अलार्म आहेत, आणि एका खिडकीचे प्लास्टिक कायमचे काढले आहे. थंडी तोंडावर आहे. हार्लन जुन्याच जागी बसले होते, हीटरला पाठ करून.

“काय ग,” त्यांनी मला हळूच विचारले, “एडनाला वाटतं मला माहीत नाही. मी पुढे आहे की मागे?”

“जेवणानंतर सांगते.”

“म्हणजे मागे.” ते हसले आणि पुस्तक उघडायला लागले. पान त्यांना शेजाऱ्याने लावून दिले.

त्या दिवशी बासचे गाणे अप्रतिम एकजीव लागत होते. हार्लन आणि इतर बास यांच्यातील अंतर पडद्यावर जवळजवळ नाहीसे झाले होते. क्षणभर मला पुन्हा तो जुना आनंद झाला, आणि त्या आनंदाला ओळखूनच मी दुसरे मोजमाप लावले : समोरच्या टेनरच्या तुलनेत बास. कोणी ठरवले, केव्हा ठरवले, की कोणीच न बोलता झाले, ते मला ठाऊक नाही. हार्लनच्या मागचे सगळे बास त्यांच्यासाठी थांबत होते. उद्या एखादी तरुण संशोधिका इथे येईल आणि या खोऱ्यात बास उशिरा उचलतात, असे नकाशावर लिहील.

जेवणाच्या टेबलापाशी मिस एडना माझी वाट पाहत उभ्या होत्या. हातात दोन ताटे होती. मी त्यांना पडदा दाखवला.

बास, सर्व नऊ जण : दोनशे साठ मिलिसेकंद, मागे.